चमक विझली की स्फोटक सापडतं! पण जवाहरनगरची दुर्घटना अशा सेन्सरने टळली असती का?

24 जानेवारी 2025 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. किमान 8 कामगारांचा जीव गेला. अशा घटनेनंतर ‘सेन्सर नव्हते का?’ हा प्रश्न ठरलेलाच. स्फोटकं ओळखणारे सेन्सर आहेत, आणि त्यातले काही चक्क चमकणाऱ्या सेंद्रिय रेणूंवर चालतात.

कसे? मोबाइलच्या ओएलईडी स्क्रीनमध्ये असतात त्याच जातीचे हे अर्धवाहक रेणू. अतिनील प्रकाश पडला की साध्या खोलीच्या तापमानाला चमकतात. टीएनटीची वाफ चिकटली की ती त्यांच्यातला उत्तेजित इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि चमक विझते. 1998 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत टिमोथी स्वॅगर यांच्या गटाने असे रेणू लांब साखळीत गुंफले. साखळीत ऊर्जा पळत असते, म्हणून टीएनटीचा एकच रेणू बराच मोठा भाग अंधारात टाकतो. पुण्याच्या आयसरमधल्या संशोधकांनीही 2013 मध्ये धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या चमकत्या जाळीने पिक्रिक ॲसिड ओळखून दाखवलं.

पण हे तंत्र लपवलेलं स्फोटक शोधतं. बॅगेतलं, जमिनीत पुरलेलं. निर्माणीत स्फोटक आहे हे सांगायला सेन्सर कशाला? तिथे लक्ष ठेवावं लागतं ते उष्णता, घर्षण आणि स्थिर विजेवर. शिवाय प्रोपेलंटमध्ये वापरलं जाणारं नायट्रोग्लिसरीन ही चमक तितक्या सहज विझवत नाही, कारण त्यात टीएनटीसारखं बेंझिनचं कडं नसतं. स्फोटकांच्या कारखान्याभोवतीची माती आणि सांडपाणी तपासायला मात्र हे रेणू कामाचे आहेत.