दुःखाचा कच्चा माल

दूरचित्रवाणीवरील दिवसाच्या संवाद-कार्यक्रमांचा आरंभ काही वाईट हेतूने झाला नव्हता. फिल डोनाह्यू यांनी १९६७ साली अमेरिकेतील डेटन येथून जो कार्यक्रम सुरू केला, त्यात सामान्य श्रोत्यालाही प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. १९९१ साली जेरी स्प्रिंगर यांचा कार्यक्रमही गंभीर चर्चेनेच सुरू झाला होता. प्रेक्षक वाढेनात, तेव्हा अल्पावधीतच चर्चेची जागा हाणामारीने घेतली आणि तो २०१८ पर्यंत चालला. घरातील भांडणे, व्यभिचाराचे आरोप आणि पितृत्वाचे वाद हा या धंद्याचा कच्चा माल ठरला. तो पुरविणारे लोक बहुतांशी कष्टकरी, कर्जबाजारी वा बेकार होते, हा योगायोग नव्हे.

या कार्यक्रमांचे समर्थक म्हणतात, पाहुणे स्वखुशीने येतात, करारावर सही करतात. मग शोषण कसले? हा युक्तिवाद श्रमिक चळवळीला नवा नाही. गिरणीच्या दारात उभा राहणारा बदली कामगारही स्वखुशीनेच उभा असतो, असे मालक म्हणतच आले. प्रश्न सहीचा नाही. सही करताना काय ठाऊक होते आणि नकार देण्याची ऐपत कितपत होती, हा आहे.

१९९५ साली अमेरिकेतील जेनी जोन्स यांच्या कार्यक्रमात एका तरुणाला, तुझा एक छुपा चाहता भेटणार आहे, एवढेच सांगून बोलाविले गेले. चाहता पुरुष निघाला. तीन दिवसांनी त्या तरुणाने त्याचा खून केला. खुनाचा दोष खुन्याचा आणि त्याच्या मनातील विषारी पूर्वग्रहाचा, यात शंका नाही. परंतु त्या पूर्वग्रहाला प्रेक्षकांसमोर डिवचण्याचा बेत कोणाचा होता? १९९९ साली ज्यूरीने मृताच्या कुटुंबास सुमारे अडीच कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. २००२ साली मिशिगनच्या अपील न्यायालयाने ती रद्द केली. कायद्याच्या दृष्टीने पाहुणा स्टुडिओबाहेर पडला की निर्मात्याची जबाबदारी संपली!

ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीवर जेरेमी काइल यांचा कार्यक्रम २००५ पासून चालू होता. २००७ साली मँचेस्टरच्या एका न्यायाधीशांनी त्याची तुलना बांधलेल्या अस्वलावर कुत्रे सोडण्याच्या जुन्या खेळाशी केली. तरीही तो पुढे बारा वर्षे चालला. मे २०१९ मध्ये असत्यशोधक यंत्राच्या चाचणीत खोटा ठरविला गेलेला एक पाहुणा काही दिवसांनी मृत्यू पावला आणि कार्यक्रम बंद झाला. कार्यक्रमामुळेच हा मृत्यू घडला असे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष २०२४ साली मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यांनी दिला. तो मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्या यंत्राची अचूकता किती, हे निर्मात्यांना संसदीय समितीपुढे सांगता आले नव्हते. ज्या चाचणीवर ब्रिटनचे फौजदारी न्यायालय विसंबत नाही, तिच्या आधारे एका माणसाचा निवाडा टाळ्यांच्या गजरात होत होता.

आपल्याकडेही २००९ साली 'सच का सामना' या कार्यक्रमात हेच यंत्र अवतरले होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात, संमतीवाचून अशी चाचणी घेणे घटनाबाह्य ठरविले आणि संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून ग्राह्य मानला नाही. आरोपीला जे संरक्षण आहे, ते करमणुकीच्या पाहुण्याला असू नये काय?

दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. जोशुआ गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने १९९८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींना इतर माध्यमांनी दारे बंद केली होती, तेव्हा याच गोंगाटात त्यांना स्वतःच्या तोंडाने बोलता आले. म्हणून हे कार्यक्रम असभ्य आहेत, अशी नाके मुरडणाऱ्या प्रतिष्ठितांच्या सुरात सूर मिळविण्याचे कारण नाही. त्यांचा आक्षेप गरिबाच्या दिसण्याला असतो. समाजवाद्याचा आक्षेप त्याच्या दुःखावर दुसऱ्याने मिळविलेल्या नफ्याला असला पाहिजे.

त्यामुळे बंदीची मागणी चुकीची आहे. सेन्सॉरची कात्री आज हाणामारीवर चालेल, उद्या मोर्चाच्या वार्तांकनावर. मागणी हवी ती पाहुण्याच्या हक्कांची. समोर कोण येणार, काय विचारले जाणार, हे त्याला आधी कळावे. प्रक्षेपणापूर्वी संमती मागे घेता यावी. त्याच्या वेळेचा मोबदला मिळावा आणि नंतरच्या परिणामांची जबाबदारी निर्मात्यावर असावी. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने २०२१ साली सहभागी व्यक्तींच्या हिताची काळजी घेणे प्रक्षेपकांवर बंधनकारक केले, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल होय. पण ते चौदा वर्षे उशिरा पडले. न्यायाधीशांनी इशारा दिला तेव्हाच ते पडावयास हवे होते. नफा चालू असेतो कोणताही धंदा आपण होऊन सुधारत नाही. त्याला सुधारावयास भाग पाडावे लागते.