चोणक आधी नर, मग मादी : ही नुसती गंमत नाही, आपल्या धंद्याचा हिशेब आहे



आपल्या ग्रुपांवर हल्ली "तुम्हांला माहीत आहे का?" म्हणून बरंच काही फिरत असतं. माणकीला तीन काळजं असतात. मोरीच्या अंगात एकही हाड नसतं, सगळी कुर्चा. शेवटो हा गोव्याचा राज्य मासा. तिन्ही गोष्टी खऱ्या. आपण वाचतो, हसतो, पुढे पाठवतो आणि विसरतो. पण अशीच एक गोष्ट आहे, ती विसरणं आपल्याला परवडणारं नाही.

ती म्हणजे चोणकाची. रायगडवाले ज्याला जिताडा म्हणतात तोच हा मासा. बहुतेक चोणक आधी नर असतात. काही वर्षं नर म्हणून काढली आणि अंगाने साधारण पाऊण-एक मीटर झाले, की ते मादी होतात. म्हणजे जो मोठा चोणक जाळ्यात बघून आपण खूश होतो, तो बहुतेक वेळा मादीच. गोबऱ्याचं उलट. तो आधी मादी असतो, मोठा झाल्यावर नर होतो.

यावर नवरा-बायकोचे विनोद चालतात, चालू देत. पण जरा हिशेब करून बघा. चोणकाची प्रत्येक मोठी मादी आधी कधीतरी लहान नर होती. बारीक आसाच्या जाळ्याने आपण लहान चोणक उचलले, तर उद्या मादी होणार कोण? आणि मोठे तेवढे सगळे काढले, तर अंडी घालणार कोण? एका मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. मासा जितका मोठा, तितकी अंडी जास्त.

दुसरी गोष्ट वेळेची. चोणक वाढतो नदीत, पण अंडी घालायला खाली खाऱ्या पाण्याकडे, नदीच्या मुखाशी येतो. आपल्याकडे तो काळ पावसाळ्याच्या आसपासचा. पिल्लं मग भरतीबरोबर खारफुटीत आणि मानशीतून खाजनात शिरतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, ते चांगलंच आहे. पण तेरेखोल आणि शापोरा नदीच्या मुखाशी जाळी त्या दिवसांतही पडतात. गाबोळी भरलेला चोणक नेमका तेव्हाच सापडतो.

ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान धरायचा नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही धरायचा नाही, असा नियम आहे. लहान कशाला सोडायचा ते कोणीही सांगेल. मोठा सोडायचा तो मादीसाठी. शिवाय पूर्व किनाऱ्यावर त्यांच्या पावसाळ्यात, १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी, बारामुंडी धरायला बंदी असते.

"आम्ही सोडला तर पलीकडचा धरील," असं कोणीतरी म्हणणारच. खोटं नाही ते. मोठ्या चोणकाला भाव असतो, आणि पावसात घरात पैसा कमी असतो. ज्याची चूल त्या एका माशावर पेटते, त्याला उपदेश करणं मला पटत नाही. म्हणून हे एकट्या-दुकट्याने करायचं काम नाही. गावाने बसून ठरवलं तरच जमेल.

माझं मत सरळ आहे. निदान तीन गोष्टी आपण पाळूया. वीतभर चोणक जिवंत असेल तर परत पाण्यात. पावसाच्या दिवसांत नदीच्या मुखाशी गाबोळी भरलेला मोठा चोणक जिवंत सापडला, तर तोही सोडायचा. आणि खाजनाच्या मानशीवर पिल्लं आत शिरायच्या दिवसांत बारीक जाळी लावायची नाही. सरकारी नियम यायची वाट कशाला बघायची?

आता ही पोस्ट पुढे पाठवाल, तेव्हा सोबत एवढं तरी लिहा : आमच्या वाड्यावर आम्ही काय ठरवलं. पुढच्या बैठकीत हा विषय घेतोय. होडीवाले, पागी, मानशीवाले, सगळ्यांनी या. बाजारात मासे घेऊन बसणाऱ्या बायांनीही या. कुठल्या महिन्यात गाबोळी भरलेला चोणक येतो, ते त्यांच्याइतकं नेमकं कोण सांगणार?