खुंटाकडे लक्ष द्या

मावळातल्या कान्हे परिसरातल्या भातखाचरांत आषाढ-श्रावणात पाणी साचते आणि चैत्रात शेजारच्याच माळाला भेगा पडतात. बांधावरच्या केसर आंब्याला एकाच वर्षात हे दोन्ही ताण सोसावे लागतात. झाड जागा सोडू शकत नाही. ते पेशींतली कामे बदलते आणि हा बदल घडवतात जनुके.

पाणी कमी पडले की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढते आणि पानांची रंध्रे मिटतात. ‘ड्रेब’ गटातली जनुके मुकादमासारखी इतर अनेक जनुकांना कामाला लावतात. मग पेशीत पाणी धरून ठेवणारी द्रव्ये साठू लागतात. पाणी साचल्यावर मात्र मुळांचा प्राणवायू तुटतो. एरवी ज्या नियामक प्रथिनांचा पेशी सतत नाश करत असते, ती आता टिकतात आणि प्राणवायूविना ऊर्जा मिळवणारी जनुके चालू करतात. ओडिशाच्या ‘एफआर १३ए’ या भातातून २००६ मध्ये ओळखले गेलेले ‘सब-१ए’ हे जनुक याच कुळातले. त्यातून भारतात २००९ मध्ये ‘स्वर्णा सब-१’ हे पुरात तगणारे वाण आले.

भाताला हे जमले, कारण त्याची पिढी काही महिन्यांची असते. आंब्याला पहिला मोहोर यायलाच काही वर्षे जातात. म्हणून फळबागेत जवळचा मार्ग खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधतात त्याचा.

द्राक्ष बागायतदारांनी तो कधीच धरला. नाशिक, सांगली, सोलापूरकडे थॉम्पसनची वेल ‘डॉगरीज’ या अमेरिकी रानवेलीच्या खुंटावर चढली, ती पाणीटंचाई आणि क्षारपड जमिनीमुळे. फळ थॉम्पसनचेच, मुळांतली जनुके मात्र रानवेलीची. प्रत्येक जमिनीला हाच खुंट चालतो असे नाही, म्हणून ‘११०-आर’सारखे पर्यायही वापरात आले. सोडियम पानांपर्यंत पोहोचू न देणारे ‘एचकेटी’ गटातले जनुकही द्राक्षखुंटांत सापडले आहे.

आंब्याच्या रोपवाटिकांत मात्र हा विचार फारसा होत नाही. रोपवाटिकेत मिळेल त्या रायवळ कोयीवर कलम बांधले जाते. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीतून एकच रोप येते आणि ते संकरातून जन्मलेले असते. म्हणजे एका बागेतल्या शंभर केसर कलमांखाली जनुकांचे शंभर वेगवेगळे संच असतात. एक झाड ओलीत तगते, शेजारचे पिवळे पडते. शेतकरी खताला दोष देतो. खरे कारण अनेकदा जमिनीखाली असू शकते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. इस्रायलने क्षार आणि चुनखडी सोसणारा ‘१३-१’ हा आंब्याचा खुंट निवडून काढला, तो एका कोयीतून एकसारखी अनेक रोपे देणाऱ्या आंब्यातून.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ दिला. तीच चिकाटी आता आंब्याच्या खुंटासाठी हवी. मावळातल्या जुन्या रायवळ झाडांची नोंद करावी, पाणी साचणाऱ्या जागी तगलेली झाडे पारखावीत. जमिनींचे प्लॉट पडत आहेत, त्यांबरोबर ही झाडेही तुटत आहेत. कृषी विभागाने हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावे, आणि बांधावरचा जुना रायवळ तोडण्याआधी मालकाने त्याच्या कोयी तरी रुजत घालाव्यात.