शब्दाची जात वाक्यातच कळते

'राउंड' या शब्दाची जात ओळखा. इंग्रजीच्या सराव पुस्तिकेत असा सुटा प्रश्न आला की मूल 'गोल' हा अर्थ आठवते आणि 'विशेषण' लिहून मोकळे होते. 'अ राउंड टेबल'मध्ये ते बरोबरच आहे. पण 'द फर्स्ट राउंड'मध्ये तोच शब्द नाम आहे, 'द शिप्स राउंड द केप'मध्ये क्रियापद, 'वॉक राउंड द लेक'मध्ये शब्दयोगी आणि 'कम राउंड'मध्ये क्रियाविशेषण. म्हणजे चूक मुलाची नाही. प्रश्नच अपुरा आहे.

घोळ थोडा आपल्या संज्ञेतही आहे. 'शब्दांच्या जाती' म्हटले की ती शब्दाला जन्मापासून चिकटलेली गोष्ट वाटते. इंग्रजी संज्ञा ग्रीक-लॅटिन परंपरेतून आली; तिचा मूळ अर्थ 'बोलण्याचे, वाक्याचे भाग'. वाक्यच नसेल तर भाग कशाचा शोधायचा?

मराठी मुलाला शब्दाचे रूप पाहायची सवय असते, आणि ती वाईट नाही. 'शहाण्याला शब्दाचा मार' या म्हणीत 'शहाणा' हे विशेषण नामाचे काम करते, आणि 'ला' हा प्रत्यय ते लगेच सांगतो. जुन्या इंग्रजीतही अशा खुणा होत्या. प्रेम म्हणजे 'लुफु', प्रेम करणे म्हणजे 'लुफिअन'. पुढे शेवटचे प्रत्यय झिजले आणि दोन्हींचे 'लव्ह' झाले. तेव्हापासून शब्दाचे काम बरेचसे त्याची जागाच सांगते.

उरलेल्या खुणा जरूर शिकवाव्यात. 'नेस', 'मेंट' हे प्रत्यय बहुधा नामाचे. मात्र 'शेवटी ली म्हणजे क्रियाविशेषण' हे पाठांतर घातक आहे: 'फ्रेंडली', 'लव्हली' ही विशेषणे आहेत. 'हार्डली'चा अर्थ तर 'कष्टाने' नव्हे, 'जेमतेम'. आणि कान? तो शाळेत जवळजवळ वापरलाच जात नाही. 'रेकॉर्ड', 'ऑब्जेक्ट' यांत आघात पहिल्या अवयवावर असेल तर नाम, दुसऱ्यावर असेल तर क्रियापद. फळ्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळायचा तर शब्द मोठ्याने म्हणावे लागतात.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी १९५२च्या 'द स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश' या पुस्तकासाठी सुमारे ५० तासांची ध्वनिमुद्रित संभाषणे तपासली. वाक्याचा साचा घ्यायचा, त्यात एक जागा रिकामी ठेवायची आणि तिथे कोणते शब्द बसतात ते पाहायचे, ही त्यांची रीत. तिला खर्च काहीच नाही. 'द ... वॉज गुड' एवढे फळ्यावर लिहा. मुले 'फूड' म्हणतील, 'मॅच' म्हणतील. 'ईट' कुणी म्हटले तर बाकीचेच अडवतील. नामाची व्याख्या त्यानंतर सांगितली तरी चालेल.

परीक्षेत बदल करायचा तर तोही छोटाच आहे. 'वेल' हा शब्द एकटा देऊ नका. एका वाक्यात विहिरीचा 'वेल' द्या, दुसऱ्यात चांगले गाण्याचा, आणि दोन्हींखाली रेघ ओढा.