अळीची नोंद

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी हातात मोबाइल घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, तुम्हीच सांगा याला काहीतरी. आठवीत आहे, आणि दोन-दोन तास हे असले किडे बघत बसतो." मागे त्यांचा मुलगा मान खाली घालून उभा. काखेत एक शंभर पानी वही. आम्ही मोबाइल हातात घेतला. पाण्याने भरलेले एक अंधारे दालन आणि त्या पाण्यातून तोंड वासून वर येणारी, म्हशीपेक्षा मोठी अळी! आमच्या अंगावर काटा आला, हे लपवत नाही.

रागवायचे तर निदान कशावर रागवतो आहोत हे तरी कळले पाहिजे. म्हणून आम्ही पोराला शेजारी बसवून घेतले. एका बैठकीत भागले नाही, पुढचे तीन-चार रविवार त्यात गेले. त्यातून जे समजले ते येथे मांडतो, कारण असा मुलगा आणि अशा वहिनी आज घरोघर आहेत.

खेळाचे नाव 'मेट्रॉइड प्राइम २: इकोज'. निन्टेंडो ही कंपनी जपानची, पण हा खेळ बनवला अमेरिकेत, टेक्सासमधील ऑस्टिन शहरातल्या रेट्रो स्टुडिओज या तिच्या मालकीच्या कंपनीने. नोव्हेंबर २००४ मध्ये तो गेमक्यूब नावाच्या यंत्रासाठी बाजारात आला. ते यंत्र आमच्या वस्तीत कुणाकडेही नाही. मुलगा खेळत नव्हताच मुळी. परदेशातल्या कुणीतरी खेळून चित्रित केलेला खेळ तो मोबाइलवर पाहत होता. लग्नाच्या मांडवाबाहेर उभे राहून बँड ऐकावा, तसा हा प्रकार.

कथा अशी. ईथर नावाचा एक ग्रह. तेथे ल्युमिनॉथ नावाचे, पतंगासारखे दिसणारे शहाणे लोक राहतात. त्या ग्रहावर उल्का आदळते आणि त्याच ग्रहाची एक काळोखी जोड तयार होते. काळोखातले इंग नावाचे जीव उजेडातल्या ग्रहाची ऊर्जा पळवून नेतात. ती परत आणायला येते सामुस अरान. चिलखतात असल्यामुळे तिचा चेहरा नीट दिसत नाही, पण ती बाई आहे. या मालिकेतला पहिला खेळ १९८६ सालचा. तो झटपट पुरा करणाऱ्यांना अगदी शेवटी कळले की इतका वेळ आपण ज्याला गडी समजत होतो ती स्त्री आहे. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या.

त्या पहिल्या खेळामागचे गुनपेई योकोई यांच्याविषयी दोन शब्द सांगायचा मोह आवरत नाही. १९६५ साली हे गृहस्थ निन्टेंडोत लागले ते कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल करायला. तेव्हा ती कंपनी खेळायचे पत्ते बनवीत असे. रिकाम्या वेळात त्यांनी गंमत म्हणून लांब होणारा एक खेळण्यातला हात तयार केला. मालकाची नजर त्यावर गेली आणि १९६६ साली तो बाजारात आला. यंत्राला तेल घालणारा माणूस पुढे जगभरच्या मुलांच्या हातात खेळ देणारा झाला. असो.

आता अळीकडे येऊ. खेळात ठरावीक टप्प्यानंतर एक मोठा प्रतिस्पर्धी येतो, त्याला 'बॉस' म्हणतात. ऑफिसातला साहेब आणि हा बॉस यांत फरक एवढाच की खेळातला बॉस निदान समोरून येतो. टॉर्व्हस नावाच्या दलदलीची जी काळोखी बाजू आहे, तिथल्या देवळातला बॉस म्हणजे ही अळी. नाव चिक्का. ती पाण्यात बुडी मारते, फिरते, मध्येच वर येऊन हल्ला करते. पाहणाऱ्याला वाटते, एवढी एक अळी मारली की काम फत्ते. आम्हालाही तसेच वाटले. पण अळी हरली म्हणून लढाई संपत नाही. त्याच जीवाचे पंखवाले, उडणारे रूप समोर उभे राहते. आतापर्यंत शिकलेल्या युक्त्या निम्म्या फुकट जातात, कारण आता मर्म तोंडात नाही, पाठीमागे पंखांच्या मुळाशी आहे. त्यापुढे आणखी एक काळोखे रूप आहेच, आणि ते लहान लहान उडती पिल्ले सोडते.

आम्हाला यात खरी भावली ती गोष्ट वेगळीच. सामुसच्या शिरस्त्राणात एक वाचायचा चष्मा आहे. तो लावून एखाद्या वस्तूकडे किंवा प्राण्याकडे क्षणभर नजर रोखली की त्याची माहिती उमटते आणि वहीत कायमची नोंद होते. महत्त्वाच्या वस्तू त्या चष्म्यातून लाल दिसतात, साध्या निळ्या, आणि ज्याची नोंद झाली ते हिरवे. आमच्यासारख्या आवक-जावक रजिस्टरात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही व्यवस्था बघून किती बरे वाटले असेल, ते वाचकांनीच ताडावे! पण त्यात एक अट आहे. बंदूक चालवायची तर तो चष्मा उतरवावा लागतो. म्हणजे राक्षसी अळी अंगावर येत असताना, गोळी न झाडता, तिच्याकडे टक लावून उभे राहायचे. अळीची नोंद वेगळी, उडत्या रूपाची वेगळी, काळोख्या रूपाची वेगळी आणि पिल्लांचीही वेगळी. घाईघाईत मारून मोकळे झालात तर त्या डावापुरते ते पान कोरे राहिले म्हणून समजा. मेलेल्या अळीची नोंद मागाहून करता येत नाही.

मुलाच्या वहीत काय होते, ते आता सांगतो. अशी माहिती पडद्यावर आली की तो चित्र थांबवायचा आणि इंग्रजी शब्द उतरवून घ्यायचा. समोर अर्थ. 'लार्वा' म्हणजे अळी, हा त्यातला तेविसावा शब्द. इंग्रजीच्या चाचणीत पंचवीसपैकी आठ गुण मिळवणारा हाच तो मुलगा.

आमच्यावर मात्र एक काम येऊन पडले. "काका, एवढी मोठी अळी खरंच असते का?" बी.कॉम. झालेल्या माणसाला अळ्यांचे काय ज्ञान असणार? तरी ग्रंथालयात बसून थोडे वाचले. पाण्यात राहणारी शिकारी अळी खोटी नाही. पावसाळा सरत आला की मैदानावर जे चतुर उडतात, ज्यांच्या शेपटीला दोरा बांधायचा दुष्टपणा आपण सर्वांनी लहानपणी केला आहे, त्यांचे बालपण पाण्यात जाते. तळ्यात, डबक्यात. चतुराच्या अळीचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले की डोळ्याचे पाते लवायच्या आत तो ओठ हातासारखा पुढे येतो आणि भक्ष्य पकडून आणतो. डासांच्या अळ्या हे तिचे आवडते खाणे. ती श्वास घेते शरीराच्या मागच्या टोकाने, पाणी आत ओढून. जिवावर बेतले तर तेच पाणी जोरात मागे फेकते आणि स्वतः पुढे सुटते. मोठी झाली की गवताच्या काडीवर चढते, पाठीवरची कातडी उलते, आतून ओले, चुरगळलेले पंख घेऊन चतुर बाहेर येतो. रिकामी कात काडीलाच चिकटून राहते. त्या कातेवरून सांगा पाहू आतून कोण निघाले असेल!

फुलपाखराचे याहून नवल. कोशात गेल्यावर अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळतो, आणि आधीपासून आत सुप्त असलेल्या पेशींच्या चकत्यांपासून पंख, पाय, डोळे घडत जातात.

आता मापाचा हिशोब. तो मात्र आमच्या हातचा. अळी आहे त्याच आकारात दहापट लांब केली, तर तिची कातडी शंभरपट होते, पण वजन हजारपट. पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपट झाले तरी त्यावर भार हजारपट, म्हणजे पायाच्या तेवढ्याच जागेवर दहापट ओझे. शिवाय कीटकाला फुप्फुसे नसतात. अंगावरच्या छिद्रांतून, बारीक नळ्यांतून हवा आत खेळते. एवढ्या थोरल्या देहाला ती पुरायची कशी? म्हणून म्हशीएवढी अळी होत नाही. जपानमध्ये २००९ साली पाळलेल्या अ‍ॅक्टिऑन जातीच्या भुंग्याची अळी २२८ ग्रॅम भरली होती. पाव किलोला थोडी कमी. भाजीवाल्याच्या तागडीत ठेवली तर वहिनी बाजार सोडून पळतील, पण राक्षस म्हणता येणार नाही. फार पूर्वी, सुमारे तीस कोटी वर्षांमागे, चतुराच्या नात्यातला एक कीटक होता. त्याच्या पंखांचा विस्तार ६५ सेंटिमीटरच्या पुढे जाई. त्याचे अवशेष फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीत सापडले. तेव्हा हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा जास्त होता, हे त्याचे एक कारण बरेच शास्त्रज्ञ मानतात.

हे सगळे सांगून झाल्यावर वहिनींनी एकच प्रश्न विचारला आणि आमची पंचाईत झाली. "पण भाऊ, त्या अळीचा गुन्हा काय? ती बिचारी तिच्या पाण्यात होती."

बरोबर आहे. ऊर्जा तिच्याकडे अडकली म्हणून ती मारायची, एवढेच खेळ सांगतो. या बाबतीत इकोज आम्हाला कोता वाटला. पण याच मालिकेत याचे उत्तरही आहे, आणि ते मुलाला ठाऊक होते. 'मेट्रॉइड' हे ज्या जीवांचे नाव, त्यांचे हवेत तरंगणारे पारदर्शक रूप म्हणजे त्यांची अळीच. १९९१ च्या दुसऱ्या खेळात सामुसला हुकूम असतो, की त्यांच्या ग्रहावर जाऊन एकूण एक मेट्रॉइड संपवायचा. ती तसे करते. शेवटी एक अंडे फुटते, पिल्लू बाहेर येते आणि समोर दिसली तिलाच आई समजून मागे लागते. तिच्याने गोळी झाडवत नाही. १९९४ च्या 'सुपर मेट्रॉइड'मध्ये तेच पिल्लू चोरीला गेलेले असते. परत भेटते तेव्हा प्रचंड झालेले. ते तिच्यावर झडप घालते, तिचा जीव शोषत आणते, आणि मग ओळखून सोडून देते. पुढे शेवटच्या लढाईत सामुस मरणाच्या दारात असताना तेच आपली शक्ती तिला देते आणि स्वतः मरते. मुलगा हे सांगत होता तेव्हा वहिनी पदराने हात पुसत होत्या. हात कोरडेच होते.

मोबाइल काढून घ्यायचा की नाही, याचा निकाल आम्ही दिला नाही. वहिनींनीच ठरवले: रोज अर्धा तास, तोही जेवणाआधी, आणि वहीतले दहा शब्द पाठ म्हणून दाखवल्यावर. गेल्या रविवारी पोरगा तणतणत आला. ज्याचे चित्रण तो इतके दिवस पाहत होता, त्या खेळाडूने चिक्काच्या उडत्या पिल्लांची नोंदच केली नव्हती. सगळी मारून टाकली. आता तो दुसऱ्या कुणाचे तरी चित्रण शोधतो आहे. वहीतले एक पान त्याने त्यासाठी सोडून ठेवले आहे.