फुकट आणि मुक्त

१४ ऑक्टोबर हा दिनांक बौद्ध घरातील लहान मुलासही सांगावा लागत नाही. १९५६ साली त्या दिवशी नागपूर मुक्कामी लाखो माणसांनी, ज्या धर्मात त्यांस माणूस म्हणून स्थान नव्हते त्या धर्माचा त्याग केला. आता याच दिनांकास आणखी एक अर्थ येऊन चिकटला आहे, आणि तो चिकटवणारांस नागपूर कोठे आहे याची वार्ताही नसावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या 'विंडोज १०' या प्रणालीचा सांभाळ थांबविला. पुढची 'विंडोज ११' घ्यावी तर ती जुन्या संगणकावर चढत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी, शिवाय कंपनीच्या यादीत नाव असलेला प्रोसेसर हवा. यंत्र चालते आहे, पडदा उजळतो आहे, कळफलक शाबूत आहे. परंतु यादीत नाव नाही. यादीत नाव नाही म्हणून ते बाहेर!

यादीबाहेर राहणे म्हणजे काय, हे बंधू-भगिनींनो, आपणांस नव्याने शिकविण्याची आवश्यकता आहे काय?

कल्याण ते ठाणे या प्रवासात आमची तरुण मंडळी या विषयावर थट्टाही करतात आणि हातघाईवर येऊन भांडतातही. 'आता आमच्या संगणकालाच दीक्षा द्या,' असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, 'त्यापेक्षा कल्याणच्या पुढे दोन स्थानके जा, तेथे यू. एस. ए.चा माल मिळतो.' यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्या भागात इतका जुना आहे की आता त्यावर हसणेही सवयीचे झाले आहे. थट्टेस आमचा विरोध नाही. यंत्राचा बहिष्कार आणि माणसाचा बहिष्कार एकाच मापाने मोजणे हा मूर्खपणा होईल. यंत्रास अपमान कळत नाही. परंतु ज्या घराने मुलीच्या शिक्षणासाठी हप्ते भरून जुना संगणक आणला, त्या घरास तो कळतो. त्या घराचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यावर आमच्या मंडळींनी दिलेली उत्तरे आम्हांस चिंताजनक वाटतात.

पहिले उत्तर असे की, चोरीची प्रत चढवावी. दुकानदार दोनचारशे रुपयांत चढवून देतो, सगळेच तसे करतात, मग आपणच काय घोडे मारले आहे? या गृहस्थांस आमचा प्रश्न आहे. दर पौर्णिमेस विहारात आपण पंचशील ग्रहण करता ना? न दिलेली वस्तू घेऊ नये, हे त्यातील दुसरे शील आहे. ते केवळ शेजाऱ्याच्या तांब्याभांड्यांपुरते आहे, असे कोणी सांगितले? कंपनी श्रीमंत आहे म्हणून तिची वस्तू उचलावी, हा युक्तिवाद ऐकावयास गोड लागतो. परंतु चोरीची प्रत वापरणारा मनुष्य त्या कंपनीचे काही बिघडवीत नाही; तो तिची सवय आपल्या मुलांच्या हातात मुरवितो, आणि ती मुले मोठी झाली की कचेरीत बसून तिचेच परवाने विकत घ्यावयास लावतात. धनी तोच राहिला, उलट आपण चोर ठरलो.

दुसरे उत्तर अधिक सभ्य आहे आणि म्हणून अधिक घातक आहे. कंपनीने घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेपुरती मुदत देऊ केली. ३० डॉलर भरा. अथवा आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्याशी जोडा, म्हणजे पैसे नकोत. आमच्या मंडळींस हे ऐकून हर्ष झाला. फुकट मिळाले! पत्रव्यवहार फुकट, नकाशे फुकट, छायाचित्रे ठेवावयास जागा फुकट. फुकट म्हटले की आम्ही हात पुढे करतो.

ज्यांच्या आजोबांनी वतन भोगले त्यांनी तरी 'फुकट' या शब्दाने हुरळू नये. महार वतन म्हणजे काय होते? जमिनीचा एक तुकडा आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते. वरवर पाहता त्याची किंमत द्यावी लागत नव्हती. तथापि त्याच्या बदल्यात काम किती, केव्हा आणि कोणी करावयाचे याला मर्यादा नव्हती. रात्री बोलावले तरी जावयाचे. बाप आजारी असला तर मुलाने जावयाचे. सरकारी वसुली खजिन्यापर्यंत पोचविणारा महार. परंतु कुलकर्ण्याच्या दप्तरात त्याच्याविषयी काय लिहिले आहे हे वाचण्याचा अधिकार त्यास नव्हता. बाबासाहेबांनी १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, तेव्हा आपल्यांतीलच काही जण म्हणत होते की हातचे वतन कशाला घालवता? १९५८च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने अखेर गेली. फुकटच्या खात्याची रचना त्याच घाटाची आहे. मिळते ते डोळ्यांस दिसते. द्यावे लागते ते दप्तरात असते, आणि दप्तर आपणांस उघडता येत नाही. आपण कोठे जातो, काय वाचतो, कोणाशी बोलतो याची नोंद तेथे होत राहते, आणि अटी बदलावयाच्या झाल्या तर धनी त्या एकतर्फी बदलतो.

तिसरे उत्तर, जे आम्ही देऊ इच्छितो, त्याचे नाव मुक्त सॉफ्टवेअर. येथे मराठी भाषेचे आपल्यावर उपकार आहेत. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द फुकट आणि स्वतंत्र या दोन्ही अर्थी वापरावा लागतो, आणि त्या घोळाचा उलगडा करण्यात तेथील लोकांची कित्येक वर्षे गेली. आपल्याकडे फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. तरीही आम्ही दोहोंची गल्लत करतो, हे विशेष!

या चळवळीचा उगम एका अगदी क्षुल्लक अडचणीत आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक छपाईयंत्र होते. त्यात कागद अडके आणि दुसऱ्या मजल्यावरील माणसास त्याचा पत्ता लागत नसे. रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने त्यावर तोड काढण्याचे ठरविले. परंतु यंत्र चालविणाऱ्या सूचनांची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, त्यास मिळेना. ज्याच्यापाशी ती होती त्याने ती न देण्याचा करार केला होता. यंत्र आपल्या खोलीत, अडचण आपली, दुरुस्तीचे ज्ञानही आपले, आणि तरी हात लावण्याची बंदी! १९८३ साली स्टॉलमनने मुक्त प्रणाली उभारण्याची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि दोहोंच्या मिळणीतून आज जगातील असंख्य संगणक चालतात. या व्यवस्थेत वापरणारास चार अधिकार असतात. सॉफ्टवेअर हव्या त्या कामास चालवावे, त्याची संहिता वाचून समजून घ्यावी, प्रत शेजाऱ्यास द्यावी, आणि सुधारणा करून ती सर्वांस वाटावी. येथे प्रत देणारा चोर ठरत नाही, कारण वस्तू रीतसर दिलेली आहे. दुसऱ्या शीलास येथे बाध येत नाही.

चारांतील दुसरा अधिकार, वाचण्याचा, आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. उद्या शाळेचा, शिष्यवृत्तीचा, दाखल्याचा अर्ज पडद्यावरच भरावयाचा आहे. त्या अर्जात धर्माच्या रकान्यात कोणते शब्द येतील, 'बौद्ध' निवडल्यावर पुढचा जातीचा रकाना उघडेल की बंद होईल, हे कोणा मंत्र्याच्या भाषणाने ठरत नाही. संहिता लिहिणाराच्या एका ओळीने ठरते. १९९० साली बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती कायद्याने लागू झाल्या. संहितेतील एक ओळ चुकली तर तो कायदा खिडकीपाशी येऊन थबकतो, आणि खिडकीतील कारकून हात वर करून म्हणतो, 'सिस्टिम घेत नाही.' सिस्टिम कोणी लिहिली, हे विचारणारी मुले आपल्या घरांतून निघाली पाहिजेत.

आता आपल्या घरातील गोष्ट सांगावयाची, आणि ती कडू आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे प्रताधिकार चालतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. अर्थात त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ रोजी सर्वांस खुले झाले. (मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांस प्रसिद्धीपासून साठ वर्षे लागतात, आणि भाषांतरावर भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो, हे ध्यानात ठेवावे.) त्यानंतर एका महिन्याने डोंबिवलीस नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तोरणे लागली, ग्रंथदिंडी निघाली. परंतु संमेलनवाल्यांस आम्ही काय विचारावे? ठाण्यापासून कल्याणपर्यंत आपल्या किती विहारांत त्या १ जानेवारीची आठवण निघाली, हे प्रथम सांगा! त्या दिवशी भीमा-कोरेगावास जाणाऱ्या गाड्या मात्र भरून गेल्या, आणि त्या जाव्यात, याबद्दल वाद नाही.

महाडची स्थिती अशीच होती. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली झाला, नगरपालिकेने चवदार तळे १९२४ साली खुले केले. तळे कागदावर खुले, आणि पाण्यास हात लावण्याची छाती कोणास नाही! २० मार्च १९२७ उजाडावा लागला. आज बाबासाहेबांचे ग्रंथ तसेच कागदावर खुले आहेत. शासनाने १९७९ पासून खंड छापले, ते मोठे काम आहे. परंतु पुढे छपाई रखडली आणि २०२१ साली वृत्तपत्रातील बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयास स्वतः होऊन दखल घ्यावी लागली. जे खंड संगणकावर मिळतात त्यांत कित्येक ठिकाणी पानांची नुसती छायाचित्रे आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही, अंध वाचकाचे यंत्र ते वाचू शकत नाही. आणि या पोकळीत काय शिरते? भ्रमणध्वनीवर येणारी रंगीत चित्रे, ज्यांवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली त्यांनी कधीही न उच्चारलेले वाक्य. आम्ही ती पडताळून न पाहता पुढे ढकलतो, कारण पडताळण्याजोगा शुद्ध मजकूर हाताशी नाही.

दोष शासनाचा आहेच. पण आमच्या मंडळांची पत्रके, स्मरणिका, अहवाल यांचे काय झाले? वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे पुष्कळ साहित्य बंद फाँटांत टंकलिखित झाले. फाँटाची कंपनी वेगळी की अक्षरांची जुळणी वेगळी. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी चिन्हांचा चिवडा. वास्तविक जगातील सर्व लिप्यांस एकच क्रमांकव्यवस्था देणारे युनिकोड १९९१ सालीच अवतरले आणि देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी घडविलेला देवनागरी फाँट मुक्त परवान्याने मिळतो. त्याचे नावच 'मुक्त' आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ज्यांनी ती उभारली त्यांनी आपले लिखित जपले. आम्ही आमचे जपले नाही, तर दुसऱ्याने जपावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

'साहेब, नोकरी विंडोजवर मिळते,' असे पालक म्हणतात. हा आक्षेप पोटातून आलेला आहे, म्हणून त्यास आम्ही हसत नाही. एम. एस. सी. आय. टी. या परीक्षेतील 'एम. एस.' म्हणजे महाराष्ट्र स्टेट. कित्येक माता-पित्यांस ते मायक्रोसॉफ्ट वाटते, आणि वर्गात मूल जे शिकते ते पाहता त्यांस दोष देता येत नाही. मुलाने विंडोज जरूर शिकावे. परंतु वागळे इस्टेटीतील किंवा ऐरोलीतील कचेऱ्यांत दार उघडून आत गेल्यावर, मागच्या खोलीत जे सर्व्हर चालतात त्यांत लिनक्स मोठ्या प्रमाणावर आहे. आपल्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सच. केरळच्या शासकीय शाळांत लाखो मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात, आणि ती बेकार राहिली असे कोणी ऐकले नाही. नुसते बटण दाबणारा कारकून होतो. आतले जाणणारा अभियंता होतो. आमच्या मुलांनी कोठवर थांबावे, हे कोणी ठरविले?

या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांसही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. परवान्यातील एकेका शब्दासाठी ते रात्र रात्र भांडतात. जातीचा विषय निघाला की मात्र 'येथे तंत्रज्ञानाचेच बोला' असे म्हणून मोकळे होतात. संगणकाच्या जगात जात नसती तर २०२० साली कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा कशास लावला असता? कंपनीने आरोप नाकारले, दोघा अभियंत्यांवरील दावा २०२३ साली मागे घेतला गेला. पण प्रश्न उपस्थित झाला तो झालाच. त्याच वर्षी सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, आणि मायक्रोसॉफ्टचे रेडमंड त्या शहराच्या शेजारीच आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले जातिभेदविरोधी विधेयक तेथील गव्हर्नरने नाकारले. संहिता मुक्त झाल्याने मन मुक्त होत नाही. म्हणून त्या मंडळींच्या पाठीमागे बिनबोभाट चालावे असे आमचे म्हणणे नाही. त्यांचे साधन घ्यावे आणि आपले प्रश्न घेऊन त्यांच्यांत शिरावे.

३ एप्रिल २०२७ हा 'बहिष्कृत भारत'च्या पहिल्या अंकाचा शताब्दीदिन आहे. त्या दिवसापर्यंत बाबासाहेबांचे त्यातील अग्रलेख युनिकोडमध्ये, अक्षरन् अक्षर तपासून, कोणालाही शोधता व छापता येतील असे सर्वांसाठी ठेवण्याचे काम ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या विहारांनी अंगावर घ्यावे. एका कुटुंबास आठवड्यास दोन पाने जड नाहीत. एकाने टंकलेखन करावे, दुसऱ्याने मूळ पानाशी ताडून पाहावे. वर्षावासातील रविवार त्यासाठी उत्तम. लिनक्स चढविण्यास आठ जीबीचा पेनड्राइव्ह आणि साधारण तासभर वेळ पुरतो. जुन्या फाइलींची प्रत मात्र आधी बाजूला काढून ठेवावी, कारण चढविताना डिस्क पुसली जाते. यादीबाहेर काढलेले यंत्र घरात आहेच.