बिनपगारी उमेदवारीचा खर्च कोण सोसतो?

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने शिकत असतानाच एखाद्या कचेरीत, कारखान्यात अथवा संस्थेत काही काळ काम करावे, ही गोष्ट आता केवळ हौसेची राहिलेली नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाला अभ्यासक्रमात स्थान मिळाले असून त्यावर श्रेयांकही अवलंबून असतात. आज ज्याला ‘इंटर्नशिप’ म्हणतात, त्याला मराठीत ‘उमेदवारी’ असा जुना आणि नेमका शब्द आहे. ही उमेदवारी विद्यावेतन देणारी घ्यावी की बिनपगारी, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या आवडीनिवडीचा मानला जातो. वस्तुतः तो त्याच्या घरच्या सांपत्तिक स्थितीचा प्रश्न आहे.

समजा, समुद्रपूर तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा वर्ध्यात वाणिज्य शाखेत शिकतो आहे. नागपूरच्या एका करसल्लागाराच्या कचेरीत त्याला चांगले शिकायला मिळेल, पण पैसा मिळणार नाही. उलट गावाजवळच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांच्या वजनाच्या नोंदी ठेवण्याचे काम आहे. तेथे पैसे मिळतील, पण आठवड्याभरानंतर शिकण्यासारखे काही उरणार नाही. नागपूरला राहायचे तर खोली आणि खानावळ आली. घरून जायचे तर रोजचा प्रवास आला. ज्याचे वडील हा भार उचलू शकतात तो नागपूर निवडतो, ज्याचे उचलू शकत नाहीत तो जिनिंग. पुढे नोकरीच्या मुलाखतीत पहिल्याला ‘अनुभवी’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘होतकरू’. ही निवड गुणवत्तेने केली असे म्हणता येईल काय?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर बिनपगारी काम असे काही नसतेच. काम करणारा जेवतो, कोठेतरी राहतो, प्रवास करतो. त्याचा खर्च कोणीतरी सोसतोच. मालक देत नसेल तर बाप देतो. म्हणजे कापूस आणि सोयाबीन विकून आलेल्या पैशातून शेतकरी कुटुंब शहरातील व्यवसायाला अनुदान देत असते. शेतकऱ्याला मिळणाऱ्या अनुदानाची चर्चा सर्वत्र होते, त्याने दिलेल्या या अनुदानाची नोंद कोठेच होत नाही.

या प्रश्नाचा विचार वर्ध्याच्या भूमीत फार पूर्वी झालेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली आणि शाळेने आपला खर्च त्यातूनच काढावा, असे सुचविले. तेव्हा अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला, की मुलांनी केलेला माल बाजारात आला तर गावच्या कारागिराला अन्याय्य स्पर्धेला तोंड द्यावे लागेल. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनेही आपल्या अहवालात इशारा दिला, की उत्पन्नावर अवास्तव भर पडला तर शिक्षणाचा हेतू मागे पडून मुलांकडून जास्तीत जास्त श्रम काढून घेण्याकडे शिक्षकांचे लक्ष जाईल. हे दोन्ही धोके आज बिनपगारी उमेदवारीत दिसतात: विद्यार्थ्याचे शिक्षण होत नाही आणि त्याच्या फुकट श्रमामुळे पगारी कारकुनाची जागा भरली जात नाही. त्याच गांधीजींनी १९३५ साली, खादी महाग होईल हे ठाऊक असूनही, कातणाऱ्या स्त्रियांना जीवनवेतन मिळालेच पाहिजे असा आग्रह चरखा संघापुढे धरला होता, याचाही विसर पडू नये.

कायद्याची भूमिकाही उद्बोधक आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला कामगार मानले नाही, तरीही मालकाने त्याला विद्यावेतन दिलेच पाहिजे असे बंधन घातले. महाविद्यालयाने श्रेयांकांसाठी पाठविलेला विद्यार्थी मात्र बहुधा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे, आणि आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक लाचारीतून कमी वेतनात केलेले कामही सक्तीचेच ठरविले. तो निर्णय विद्यार्थ्यांना जसाच्या तसा लागू होत नसेल. परंतु पदवी अडेल या भीतीने स्वीकारलेल्या कामाला ‘स्वेच्छा’ म्हणणे कठीण आहे.

मग सरकारने पैसे द्यावेत काय? २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षण संपलेल्या तरुणांसाठी कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, तेही शासनाच्या तिजोरीतून. त्याच वर्षी केंद्राने जाहीर केलेल्या योजनेत महिन्याच्या ५,००० रुपयांपैकी ४,५०० सरकारचे आणि अवघे ५०० कंपनीचे होते. तरुणाच्या हाती पैसा पडतो, हे स्वागतार्हच. पण ज्याला श्रमाचा लाभ होतो त्याने मोबदल्याचा भार उचलायचा नाही, ही रीत कायम झाली तर मालकाला फुकट मनुष्यबळाची सवय लागेल आणि कायम नोकरीची जागा आणखी दूर जाईल.

वर्ध्यात एक आक्षेप हमखास घेतला जाईल, की सेवेचे मोल पैशात करू नये. खरे आहे. कुष्ठसेवेत वा ग्रामसफाईत काही आठवडे देणारा तरुण मजुरी मागत नाही. परंतु सेवा ती, जी नाकारण्याची मुभा असते. शिवाय सेवाभावी संस्थेनेही विद्यार्थ्याच्या जेवणाची आणि राहण्याची सोय करावी, म्हणजे गरिबाच्या मुलालाही सेवेचा अधिकार मिळेल. तसेच, केवळ पैसे मिळतात म्हणून उमेदवारी चांगली ठरत नाही. शिकवणारा कोणी नसेल तर ती स्वस्त मजुरीच होय.

तेव्हा विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत: मला शिकवणार कोण? मी नसतो तर हे काम पगारी माणसाला द्यावे लागले असते काय? आणि माझ्या जेवणाचा खर्च कोणावर पडतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर ते काम श्रम आहे आणि त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. ही मागणी एकट्या विद्यार्थ्याने केली तर त्याला दार दाखवले जाईल. म्हणून विद्यार्थी संघटना, प्राध्यापक आणि कार्यकर्ते यांनी ती विद्यापीठापुढे एकत्रितपणे मांडावी: ज्या उमेदवारीसाठी श्रेयांक सक्तीचे आहेत, तिच्यासाठी किमान निर्वाहखर्चही सक्तीचा असावा, आणि नफा कमावणाऱ्या आस्थापनेने तो स्वतः द्यावा. हे होईपर्यंत बिनपगारी उमेदवारीचा खर्च शेतकऱ्याच्या घरातूनच जात राहील.